कर्षकांची चार घरे

‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.’ हे शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील याचा हिशेब माझ्याकडे नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडमध्ये बसून मी गेली अठ्ठावीस वर्षे दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. आधी हाताने लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता कॉम्प्युटर आहे. साधन बदलले, मजकूर फारसा बदलला नाही. देणार कोण, घेणार कोण, मौजा कोणता, क्षेत्र किती, चतुःसीमा काय आणि शेवटी ही यादी. पक्षकार तिचा अर्थ क्वचितच विचारतात. विचारलाच तर मी सांगतो, जमिनीवरचे आणि जमिनीखालचे सगळे तुमचे.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. इतिहासाचे वेड लागले ते तालुक्याच्या वाचनालयात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हाती पडले तेव्हा. वाकाटकांचे ताम्रपट वाचता वाचता मी एका ठिकाणी थबकलो. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरजवळच्या चमक गावचा ताम्रपट. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव ब्राह्मणांना दिले, त्याचा हा लेख. गाव कशासह दिले? इतर अनेक गोष्टींबरोबर ‘सनिधि’ आणि ‘सोपनिधि’ दिले. म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्यासह. आदल्याच दिवशी मी एका साडेतीन एकरांच्या खरेदीखतात ‘निधी, निक्षेप’ लिहिले होते. दीड हजार वर्षे झाली, राजवटी किती आल्या आणि गेल्या, पण दस्तलेखकाची लेखणी त्याच वाटेने चालली आहे.

तेव्हापासून मी ताम्रपट हे आमच्या धंद्याचे कागद म्हणून वाचू लागलो. आणि धंद्यातला माणूस दस्तात पहिली गोष्ट पाहतो ती ही, की यात कोणाचे नाव नाही.

खुशाली विचारून

चर्मांकचे दान राजमानाने आठ हजार भूमीचे आहे आणि ते एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे लेख सांगतो. त्यांतल्या एकोणपन्नास जणांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. पुढे सवलतींची यादी येते. गावात राजाचे शिपाई आणि चाकर शिरणार नाहीत. गाई-बैल मागितले जाणार नाहीत. फुले आणि दूध मागितले जाणार नाही. चारा, बसायला कातडी, कोळसा पुरवावा लागणार नाही. मीठ आणि खाणी यांवरचा राजाचा हक्क चालणार नाही. आणि सर्व प्रकारच्या विष्टीतून गाव मुक्त राहील. विष्टी म्हणजे आपली वेठ.

ही यादी उलटी वाचून पाहा. माफी ज्याची दिली, ते इतर गावांत घेतले जात होते. म्हणजे पाचव्या शतकात वऱ्हाडातल्या साध्या गावात राजाचा माणूस मुक्कामाला आला की त्याच्यासाठी दूध काढायचे, बैल सोडून द्यायचा, जनावरापुढचा चारा उचलून त्याच्या घोड्यापुढे टाकायचा, कोळसा आणि कातडी द्यायची आणि वर त्याचे ओझे वाहायचे. शेतकऱ्याच्या जगण्याचा इतका नेमका तपशील त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या साधनात सहज मिळत नाही. पण तो मिळतो कसा? ज्याला ही माफी लिहून दिली तो शेतकरी नव्हताच. पूर्वी जे राजाकडे जायचे ते आता दान घेणाऱ्याकडे जाणार होते. धनको बदलला, ऋणको तोच राहिला.

राजाने दान देताना घेणाऱ्यांवर अटीही घातल्या आहेत. राज्याविरुद्ध कट करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. असे वागाल तर जमीन काढून घेतली तरी तो चोरीचा दोष नाही. या अटी वाचल्या की अशी दाने म्हणजे राजसत्ता दुबळी झाल्याची खूण, हे सरसकट म्हणता येत नाही. पण या मुद्द्यावर पंडितांचा वाद मोठा आहे आणि माझा विषय तो नाही.

दुसरा ताम्रपट प्रभावतीगुप्तेचा. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरात दिलेली. लवकर विधवा झाली आणि मुलाच्या वतीने राज्य चालवले. तिचा हा ताम्रपट पुण्यात उजेडात आला म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात, पण त्यातले गाव आमच्याकडचे आहे. नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, कार्तिक शुद्ध द्वादशीला, एकादशीच्या उपासाचे पारणे फेडण्याच्या दिवशी, तिने दंगुण नावाचे गाव आपल्या आचार्यांना दिले. मिराशींनी दंगुण म्हणजे हिंगणघाट असे ओळखले आहे. गावाच्या चतुःसीमा दिल्या आहेत. पश्चिमेला विलवणक, उत्तरेला शीर्षग्राम, पूर्वेला कदापिंजन, दक्षिणेला सिदिविवरक. मी आज लिहितो त्याच पद्धतीने.

या लेखात राणी आज्ञा करते ती गावातल्या ब्राह्मणादी ग्रामकुटुंबिनांना. कुटुंबिन् म्हणजे घरदार आणि शेत असलेला गावकरी. आपला ‘कुणबी’ हा शब्द अभ्यासक याच शब्दापासून आणतात. आणि आज्ञा करण्याआधी ती त्यांची खुशाली विचारते. लेखाचा तो ठराविक मायना आहे, दरवेळी असाच लिहायचा. तरी मला तो शब्द वाचताना दरवेळी थांबावेसे वाटते. कुशल विचारले, पुढे लगेच आज्ञा आली. मधे उत्तराला जागा सोडलेली नाही.

तिसरा ताम्रपट याच राणीचा, रिद्धपूरचा, दुसऱ्या प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षाचा. पुढे ज्या रिद्धपुरात गोविंदप्रभू राहिले आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेच हे गाव. यात अश्वत्थनगरातले एक शेत दिले आहे. शेताबरोबर एक घर दिले आहे. आणि कर्षकांची चार घरे दिली आहेत.

कर्षक म्हणजे नांगर धरणारा. चार घरे दिली. त्यांत राहणाऱ्यांची नावे नाहीत. माझ्याकडच्या सातबाऱ्यात निदान पीकपाहणीचा रकाना असतो. इथे तोही नाही.

टाकळीत न मावणारा प्रश्न

या चार घरांनी मला बरीच वर्षे छळले. त्यावर थोर विद्वानांनी जे लिहिले ते मिळेल तसे वाचले. कोल्हापूरकडचे डॉ. अ. स. अळतेकर यांनी १९२७ मध्ये पश्चिम भारतातल्या ग्रामसंस्थांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो लेखांच्या आधारावर. रामशरण शर्मा यांनी १९६५ च्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’मध्ये असे मांडले की भूमिदानांमुळे राजा आणि शेतकरी यांच्यामध्ये एक जमीनधारी वर्ग उभा राहिला आणि शेतकरी बांधला गेला. हरबंस मुखिया यांनी १९८१ मध्ये याला उलट प्रश्न केला. त्यांचे म्हणणे, भारतातला शेतकरी आपले अवजार, आपला बैल, आपले श्रम यांवर ताबा ठेवून होता, युरोपातल्या भूदासासारखा तो नव्हता. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९९० मध्ये प्रारंभिक मध्ययुगातल्या ग्रामीण वस्त्यांवरच्या छोट्या पुस्तकात दाखवले की ‘गाव’ या एका शब्दाखाली वेगवेगळ्या घडणीच्या वस्त्या येतात.

वाद उत्तम आहे. पण दोन्ही बाजूंचे मुख्य पुरावे एकाच पोत्यातून निघतात. ते म्हणजे कोरीव लेख आणि ग्रंथ. घरे दिली म्हणजे त्यातली माणसेही दिली का, यावर लेखाचा शब्द ताणून दोन्हीकडे नेता येतो. पण ती घरे केवढी होती, भिंती कशाच्या होत्या, घरात धान्य साठवायची सोय किती होती, दाण्यांत ज्वारी होती की कोदो, गोठ्यात बैल किती बांधता येत होते, ब्राह्मण आल्यानंतरच्या दोन पिढ्यांत रांजण लहान झाला की मोठा, हे लेख सांगणार नाही. आणि शेतकरी बांधला गेला की नाही, नाडला गेला की नाही, याचे खरे उत्तर रांजणाच्या मापातच असणार.

ते उत्तर देणारे साधन आपल्याकडे आहे. त्याचे नावही अस्सल मराठी आहे. पांढरी.

काळी आणि पांढरी

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हे केवळ बोलण्याचे संकेत नाहीत, मातीचा रंग खरेच तसा असतो. काळ्या रानात वस्ती झाली की मातीच्या भिंती उभ्या राहतात. पावसाने भिंत बसली की ती उकरून कोणी बाहेर नेत नाही. सपाट करून त्यावरच नवी भिंत घालतात. चुलीतली राख, शेणाची राख, गोठ्याची घाण, चुना, हाडे, फुटकी मडकी सगळे तिथेच मुरते. शंभर वर्षांत जमीन हातभर वर येते. पाचशे वर्षांत टेकाड होते. राख आणि चुना यांनी माती पांढुरकी, भुसभुशीत आणि खारट होते.

शेतकऱ्याला या मातीचे गुण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. धाब्याच्या घरावर पांढऱ्या मातीचा थर टाकला की पाऊस झिरपत नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्या याच मातीत उभ्या राहिल्या. शेतात टाकली तर पीक जोमाने येते, कारण माणसा-जनावरांच्या वस्तीने तिच्यात खत मुरलेले असते. पुरातत्त्वज्ञ आता हीच गोष्ट प्रयोगशाळेत मातीतले फॉस्फेट मोजून करतात आणि वस्ती कुठे होती, गोठा कुठे होता हे सांगतात. आमच्या आज्याला ते ढेकूळ हातात चुरून कळत होते.

म्हणजे दानपत्र हा घेणाऱ्याचा दस्त आहे आणि पांढरी हा कसणाऱ्याचा. त्याने तो लिहिला नाही, तो त्याच्या राहण्यानेच साठत गेला.

मग हा दस्त आजवर वाचला का गेला नाही? वाचता येत नाही असे तर मुळीच नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खणती केली. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी, मधुकर ढवळीकर यांनी ताम्रपाषाणयुगातले एक पूर्ण शेतकरी गाव उघडे केले. शंभराहून जास्त घरे सापडली. गावप्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार, पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट, बार्लीचे पीक, घराच्या जमिनीखाली पुरलेली मृत मुले. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, म्हणजे दिवस वाईट आले, हेही त्या जमिनीने सांगितले. हे गाव साधारण तीन हजार वर्षांपूर्वी ओस पडले.

आता तुलना करा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची चूल, कोठार आणि वाईट दिवस आपल्याला ठाऊक आहेत. त्याच्या निम्म्या अंतरावरचा, दीड हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी, ज्याच्या काळचे राजे, राण्या, गोत्रे आणि तिथ्या आपल्याला पाठ आहेत, त्याच्या घराची चौकट आपण पाहिलेली नाही. वाकाटकांच्या काळावर विदर्भात खणती झाली ती पवनारला, मनसरला, मांढळला, नगरधनला. नगरधनला तर अलीकडच्या खणतीत प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. हे फार मोलाचे काम आहे. पण ही सगळी राजधान्यांची, देवळांची, सत्तेची ठिकाणे. चर्मांक, दंगुण, अश्वत्थनगर यांच्या जातीचे साधे गाव त्यात नाही.

खड्ड्यातली पोकळी

याची कारणे मी माझ्या समजुतीप्रमाणे तीन मानतो.

पहिले, इनामगावची जुनी वस्ती ओस पडली आणि तिच्यावर पुन्हा गाव बसले नाही, म्हणून ती खणता आली. प्रारंभिक मध्ययुगातली गावे बहुधा उठलीच नाहीत. चर्मांकचे चमक झाले आणि ते आजही नांदते आहे. ज्या टेकाडावर आज ग्रामपंचायत, मारुतीचे देऊळ आणि शंभर घरे आहेत, तिथे खणायचे कुठे?

दुसरे, खापर. सातवाहनकाळच्या थरात चकचकीत लाल भांडी, नाणी, रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळतात. ते पाहून थराचा काळ सांगता येतो. नंतरच्या खेड्यातली भांडी जाडीभरडी, रोजच्या वापराची, शतकानुशतके सारख्याच घाटाची. नाणी तर खेड्यात दुर्मीळ. त्यामुळे पाहणी करणारा माणूस वहीत ‘मध्ययुगीन’ एवढेच लिहून पुढे जातो. कोळशावरून काळ काढण्याची सोय आहे, पण तो कोळसा जपून काढला जातो खालच्या, जुन्या थरातून. वरचा थर खाली पोचण्याच्या वाटेत असतो.

तिसरे कारण या दोन्हींतून निघाले आहे आणि ते जास्त घातक आहे. जे ओळखले नाही ते नव्हतेच, असे मानण्याची सवय. नेवाशाचे उदाहरण घ्या. १९५४ ते १९५६ मध्ये तिथे झालेली खणती महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातला मैलाचा दगड मानली जाते, आणि तो मान योग्यच आहे. तिथल्या कालक्रमात रोमन व्यापाराच्या काळानंतर मोठी पोकळी आहे. त्यानंतरचा थर येतो तो थेट मुसलमानी-मराठा काळाचा. पण त्याच नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. श्रोते होते, लिहून घेणारा होता, देऊळ होते. मग वस्ती कुठे होती? होती तिथेच, आसपास. खणलेला खड्डा टेकाडाच्या एका भागात होता आणि गाव दुसऱ्या अंगाला सरकले होते. खड्ड्यातली पोकळी ही गावातली पोकळी नसते.

भारतभरातल्या अशाच पोकळ्या एकत्र करून शर्मांनी १९८७ मध्ये नगरांच्या ऱ्हासाचा सिद्धांत मांडला. काही नगरे खरोखरच उतरणीला लागली असतील. पण नगर उतरले म्हणजे गाव रिकामे झाले असे होत नाही. तेली, कोष्टी, सोनार शहरातून उठला तर तो कोणत्या तरी पांढरीवरच जाऊन बसला असणार.

रिठी

यावर वाट आहे. आमच्या वर्धा-नागपूर-यवतमाळकडे महसुली कागदांत काही मौजांच्या नावापुढे ‘रिठी’ असा शब्द लागतो. रिठी म्हणजे उठलेले गाव. नाव आहे, शीव आहे, गट नंबर आहेत, सातबारे आहेत, पण राहते घर एकही नाही. इतरत्र त्याला ‘उजाड’ किंवा ‘बेचिराख’ म्हणतात. दुष्काळ, पटकी, पेंढाऱ्यांची लूट, पाणी आटणे, नदीने पात्र बदलणे, कारणे अनेक. रिठीच्या शिवारात कुठेतरी एक टेकाड असते, त्यावर चिंच किंवा कडुनिंब, शेंदूर लावलेला एखादा दगड, आणि नांगर लागला की वर येणारी खापरे.

विलायतेत यॉर्कशरमध्ये वॉरम पर्सी नावाची अशीच एक रिठी आहे. देवळाची पडकी भिंत आणि गवताखालचे उंचवटे, एवढेच तिथे उरले होते. मॉरिस बेरेसफर्ड हा अर्थशास्त्राचा इतिहासकार आणि जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, हौशी स्वयंसेवकांना हाताशी धरून तिथे खणले. तिथल्या मध्ययुगीन शेतकऱ्याचे घर, जनावरे, आजार, अन्न यांबद्दलच्या कितीतरी समजुती त्या एका गावाने बदलल्या. आपल्याकडे अशा रिठ्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्यावर पुन्हा गाव बसलेले नाही. शेतकऱ्याचा जो दस्त नांदत्या गावात दाबला गेला आहे, तो इथे उघडा पडला आहे.

आणि हा दस्त आज ट्रॉलीने चालला आहे. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण एका दस्ताचा शेवट माझ्याच हातून झाला.

माझा करारनामा

२००९ चा उन्हाळा. शेजारच्या रिठीत जमीन असलेला एक शेतकरी माझ्याकडे आला. शेतात दीड एकराचे टेकाड, त्यावर काही पिकत नाही. एक ठेकेदार माती उचलायला तयार होता. माती जाईल, रान सपाट होईल, वर पैसे मिळतील. विहिरीच्या कर्जाचे हप्ते थकले होते. मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा लिहिला. हाताला सवय, म्हणून त्यातही ‘निधी, निक्षेप यांसह’ टाकले. लिहिणावळ घेतली. ताम्रपट वाचायला लागून मला तेव्हा सहा-सात वर्षे झाली होती. तरी लिहिताना डोक्यात काही आले नाही. पांढरी शब्द करारात नव्हता, ‘निरुपयोगी माती’ असा होता. तो शब्द मीच सुचवला होता.

पंधरा दिवसांनी त्या बाजूला दुसऱ्या मोजणीसाठी गेलो तेव्हा जेसीबीने टेकाड अर्धे कापले होते. पुरुषभर उंचीची उभी भिंत तयार झाली होती, धारदार सुरीने केक कापावा तशी. तिच्यात पट्टे होते. पिवळी माती, मग राखेची रेघ, मग चोपून केलेली जमीन, पुन्हा राख. एका ठिकाणी चुलीचा लालभडक भाजलेला घेर अर्धा कापलेला. त्याच्या बाजूला पेवाचे तोंड, आत काळी भुकटी. खाली पडलेल्या मातीत जात्याची अर्धी तळी. मी मोजली नाही, पण एकाखाली एक निदान पाच जमिनी मला दिसल्या. पाच वेळा कोणीतरी घर पाडून पुन्हा तिथेच बांधले होते.

मी पेवातले जळके दाणे कागदात बांधून घेतले आणि जाते स्कूटरवर घालून घरी आणले. तेव्हा मोठे काम केल्यासारखे वाटले. पुढे एका अभ्यासकांना दाखवायला नेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या थरातून? किती खोलीवरून? माझ्याकडे उत्तर नव्हते. फोटो नाही, माप नाही, नकाशा नाही. थर सोडून उचललेला दाणा म्हणजे नोंदणी न झालेला दस्त. कागद खरा असतो, पण कोर्टात उभा राहत नाही. मी पुन्हा तिकडे गेलो तोवर रान सपाट झाले होते. त्या वर्षी तिथे कपाशी चांगली आली.

त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. टेकाड त्याच्या पोटाआड येत होते. आपल्या पूर्वजाची साक्ष तो विकत होता हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगू शकणारा एकच माणूस त्या व्यवहारात होता, आणि तो लिहिणावळ मोजत होता.

करता येईल असे

महाराष्ट्राचा प्राचीन स्मारके व पुराणवस्तूंचा कायदा १९६० चा आहे. पण कायदा जागतो तो संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जागेसाठी. लेणी, देवळे, किल्ले त्या यादीत येतात. खापराचे टेकाड येणे कठीण, आणि सगळी टेकाडे राखा म्हणणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने अन्यायाचेही होईल. पण नोंद करायला कोणाची जमीन जात नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी चालू आहे. घराघराची हद्द आखली जाते, मिळकत पत्रिका निघते. रिठीत घरच नाही, त्यामुळे मिळकत पत्रिकेचे हे काम तिच्या वाट्याला येत नाही. तालुक्यातल्या रिठ्यांची यादी महसुली दप्तरात तयारच आहे. त्या यादीसमोर टेकाडाचा गट नंबर, अंदाजे उंची आणि एक फोटो, एवढे तीन रकाने भरले तर पुढच्या संशोधकाला निदान कुठे जायचे ते कळेल. गावात विहीर, शौचालयाचा खड्डा, पाण्याच्या टाकीचा पाया खणला जातो तेव्हा पांढरीचा उभा छेद आपोआप मिळतो. शाळेतल्या शिक्षकाने त्याला मोजपट्टी लावून फोटो काढला, तारीख लिहिली, तर ती नोंद होते. राखेतले दाणे मिळवायला मोठे यंत्र लागत नाही. माती पाण्यात कालवली की जळके दाणे तरंगतात. मात्र थर आणि खोली आधी लिहायची, दाणे नंतर काढायचे. हे मी शिकलो ते चुकून.

आता माझ्याकडे माती उचलण्याचा करार आला की मी पक्षकाराला दोन दिवस मागतो. लिहिणावळ त्याबद्दल घेत नाही. जाऊन टेप लावतो, चारी बाजूंनी फोटो काढतो, चतुःसीमा लिहितो, जुन्या माणसाला टेकाडाचे नाव विचारतो. करारात ‘निरुपयोगी माती’ ऐवजी ‘जुन्या वस्तीची पांढरी’ असा शब्द घालतो. बहुतेक वेळा टेकाड जाते ते जातेच. दोनदा मात्र मालकाने विचार बदलला, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते. आपल्या शेतात कोणाची तरी चूल आहे, हे ऐकून घरातल्या बाईने नको म्हटले. या नोंदींची एक वही झाली आहे. दस्तलेखकाचीच वही, त्यामुळे रकाने आखलेले आहेत.

पहिल्या पानावर मी रिद्धपूरच्या ताम्रपटातले दान माझ्या पद्धतीने उतरवले आहे. देणार, प्रभावतीगुप्ता. मौजा, अश्वत्थनगर. मिळकत, एक शेत, एक घर, कर्षकांची चार घरे. वहिवाट कोणाची, हा रकाना कोरा आहे. तो कुठल्यातरी टेकाडाच्या दोन राखांमधल्या थरात भरलेला असणार. ते टेकाड अजून उभे असले तर.